हद्दीबाहेरचा रॉटवायलर

पोरूरपर्यंत नवा रॉटवायलर हा गुन्हा आहे. तिथून पुढं अय्यप्पनतांगल लागलं की तो कुत्रा होतो. पूनमल्ली मागं टाकून, चेंबरंबाक्कम तलावाच्या अंगानं श्रीपेरुंबुदूरला पोचेपर्यंत तो 'घरातलाच एक' झालेला असतो. गाडीच्या मागच्या सीटवर बसून काचेला नाक लावणाऱ्या त्या जिवाला या प्रवासात स्वतःमध्ये काडीचाही बदल जाणवत नाही. जबडा तोच, दात तेच, लाळही तेवढीच. बदलते ती फक्त हद्द.

चेन्नई महानगरपालिकेनं डिसेंबर 2025 मध्ये ठराव केला की पिटबुल आणि रॉटवायलर या दोन जातींना यापुढं नवा परवाना नाही. ज्यांच्याकडं आधीपासून आहेत त्यांनी बाहेर नेताना गळ्यात पट्टा आणि तोंडाला मुसकं बांधायचं. नव्यानं आणला तर दंड एक लाख रुपये. ही महानगरपालिका साधीसुधी नाही. तिची स्थापना 1688 सालची, म्हणजे रायगडावर संभाजी महाराजांचं राज्य होतं तेव्हा मद्रासेत महापौर आणि आल्डरमन बसून ठराव करत होते. अशा पुराणपुरुष संस्थेच्या शब्दाला वजन असणारच. फक्त ते वजन 200 वॉर्डांपुरतं. दोनशेव्या वॉर्डाची शेवटची कचराकुंडी ओलांडली की कुत्रा पुन्हा स्वभावानं गरीब.

आणि आम्ही राहतो त्या कचराकुंडीच्या पलीकडं.

आम्ही म्हणजे श्रीपेरुंबुदूरचे मराठी. चाकण, भोसरी, तळेगाव इथून सुट्या भागांच्या मागोमाग इकडं आलेली सुटी माणसं. राष्ट्रीय महामार्ग 48 पुण्यावरून येतो आणि सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर करत आमच्या दारावरून चेन्नईला जातो. घरची आठवण आली की आम्ही गेटपाशी जाऊन नुसते त्या रस्त्याकडं बघतो. 1017 साली इथं रामानुजाचार्य जन्मले; त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी मोबाईलचा कारखाना जन्मला आणि आठ-नऊ वर्षांत गेलाही. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारी बनवणाऱ्या ह्युंदाईनं आता तळेगावातही कारखाना सुरू केलाय, त्यामुळं इकडचे तिकडं आणि तिकडचे इकडं अशी माणसांची अदलाबदल चालूच असते.

कारखाने आले की पगार येतो, आणि पगार आला की माणसाच्या आयुष्यात गोष्टी एका ठरलेल्या क्रमानं येतात. आधी गाडी, मग फ्लॅट, मग एसी, आणि मग तो एसी दिवसभर वाया जाऊ नये म्हणून सायबेरियन हस्की. मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हस्कीला फिरवायला नेत नाहीत. त्याला खिडकीतून मे महिना दाखवतात. बाहेर गेटपाशी जो पहारा करतो तो मणी. तमिळनाडूत रस्त्यावरच्या दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव मणी असतं. त्याला जात नाही, परवाना नाही, मालक नाही. पण रात्रपाळीहून परतणाऱ्या प्रत्येक माणसाची चाल त्याला ओळखू येते.

आमच्या वसाहतीतला रॉटवायलर चिन्नू. वजन पन्नास किलोच्या आसपास, छाती कबड्डीपटूची, आणि नाव मात्र 'छोटू'च्या चालीवरचं. त्याचे मालक अत्यंत सज्जन. पोंगलच्या कार्यक्रमाचा मंडप त्यांच्या खर्चानं, गणपतीला आमच्या मराठी मंडळींना मोदकांसाठी नारळ त्यांच्या शेतातून. चिन्नू समोरून येताना दिसला की ते दुरूनच हसत हात वर करतात आणि म्हणतात, "ओन्नुम पण्णादु, सार!" काही करत नाही हो तो. हे वाक्य पुण्यातही ऐकलंय, नागपुरातही ऐकलंय, आणि प्रत्येक ठिकाणी ते म्हणणारा माणूस पट्ट्याच्या मागच्या, म्हणजे सुरक्षित बाजूला उभा होता.

देशाच्या पातळीवर हा प्रश्न कसा हाताळला गेला ते पाहिलं की आमची वसाहत फारच समंजस वाटू लागते. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र लिहिलं की अमुक 23 जातींच्या हिंस्र कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, आणि ज्यांच्याकडं आधीच आहेत त्यांची नसबंदी करा. ती यादी मी बारकाईनं वाचली. तिच्यात ब्राझीलचा कुत्रा आहे, अर्जेंटिनाचा आहे, तुर्कस्तानचे आहेत, मध्य आशिया, कॉकेशस आणि दक्षिण रशियाचे मेंढपाळ कुत्रे आहेत, शिवाय मॉस्कोचा पहारेकरी स्वतंत्र. परराष्ट्र खात्याचा वार्षिक अहवालही इतका फिरत नसेल. ऱ्होडेशियन रिजबॅक आहे. ऱ्होडेशिया हा देश 1980 साली झिंबाब्वे झाला, पण कुत्र्याला ते अजून कुणी कळवलेलं नाही. जपानचा तोसा यादीत दोनदा आलाय, एकदा एकटा आणि एकदा अकिताच्या सोबतीनं. हा अकिता म्हणजे ज्या जातीचा हाचिको टोकियोच्या शिबुया स्टेशनवर मेलेल्या मालकाची वर्षानुवर्षं वाट बघत बसला, ती जात. निष्ठेबद्दल तिकडं पुतळा, हिंस्रपणाबद्दल इकडं यादी. 'टेरियर' असा एक सरसकट शब्दही आहे, म्हणजे उंदीर मारायला पाळलेला घोट्याएवढा जीवही त्यात सापडला. आणि शेवटी 'बॅनडॉग' या प्रकारचा प्रत्येक कुत्रा. बॅनडॉग ही मुळात जातच नाही, साखळीनं बांधून ठेवलेला कोणताही राखणीचा कुत्रा.

या 23 जणांत भारतीय एकही नाही. आपल्या स्वतःच्या भीतीच्या बाबतीतही आपण आयातीवर अवलंबून. तमिळनाडूचा राजापालयम त्यात नाही, तो 2005 साली टपालाच्या तिकिटावर गेला. त्याच तिकीटमालेत मुधोळचा कुत्राही होता. मुधोळच्या राजे घोरपड्यांनी त्याची पैदास जोपासली आणि पंचम जॉर्जला पिल्लं भेट दिली. साहेबाला आपण कुत्रे पाठवले, ते त्यानं कौतुकानं ठेवून घेतले. साहेबाच्या मुलखातले कुत्रे आपण आणले आणि यादी करायची वेळ आली. रायगडावरच्या वाघ्याचा तर प्रश्नच वेगळा. तो मुळात होता की नव्हता यावर 2025 सालीही रान पेटलं, पण त्याच्या जातीचा मुद्दा निघाला नाही. महाराष्ट्रातल्या वादात कुणाची तरी जात निघू नये, ही किमया एका कुत्र्यानं करून दाखवली.

तर त्या पत्राचं पुढं काय झालं? एप्रिल 2024 मध्ये आधी कर्नाटक उच्च न्यायालयानं आणि मग दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. कारण साधं: ज्यांच्याशी संबंध येतो त्यांना विचारलंच नव्हतं. मग केंद्रानं हरकती आणि सूचना मागवल्या. तोवर मे उजाडला, आणि 5 मेच्या संध्याकाळी चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका महापालिका उद्यानात दोन रॉटवायलरांनी पाच वर्षांच्या मुलीवर हल्ला केला. ती त्या उद्यानाच्या राखणदाराची मुलगी. मुलगी आणि तिची आई दोघीही त्यात जखमी झाल्या, मालकाला अटक झाली. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही आणि मी नेणारही नाही. त्यानंतर जे झालं ते मात्र आपल्या कारभाराच्या नेहमीच्या चालीनं झालं. तमिळनाडूच्या पशुसंवर्धन खात्यानं तातडीनं 23 जातींवर बंदी घातली, आणि ज्या पत्राच्या आधारावर बंदी घातली ते पत्र न्यायालयानं आधीच रद्द केलंय हे लक्षात आल्यावर शाई वाळायच्या आत मागं घेतली. रामानुजाचार्यांची गोष्ट इथं पोराटोरांना ठाऊक असते: गुरूनं गुप्त ठेवायला सांगितलेला मंत्र त्यांनी तिरुक्कोष्टियूरच्या गोपुरावर चढून सगळ्या गावाला ओरडून सांगितला. सरकारी आदेशाचं उलट असतं. तो गोपुरावरून जाहीर होतो, आणि मागं घेतलेला असतो ते गुपित राहतं. आमच्या वसाहतीतले अर्धे लोक आजही समजतात की बंदी आहे, उरलेले अर्धे समजतात की ती कधी आलीच नाही, आणि चिन्नूचे मालक दोन्ही अर्ध्यांशी सहमत असतात.

आमच्या वसाहतीची तातडीची सभा भरली ती चेन्नईच्या नव्या ठरावानंतर. निमित्त झालं पार्सल घेऊन आलेल्या पोराचं. चिन्नूचा पट्टा सुटला, पोरगं जीव घेऊन पळालं आणि खजिनदारांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या टपावर चढलं. चिन्नूनं खाली बसून शेपूट हलवली. कुणाला ओरखडाही आला नाही. टपाला मात्र पोचा पडला. सभा त्या पोच्यासाठी होती.

सभेत तीन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणाला, चेन्नईसारखी इथंही बंदी घाला. दुसऱ्या पक्षानं मोबाईलवर प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना उघडून दाखवल्या की गृहसंस्थेला बहुमतानंसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. तिसरा पक्ष वडे कधी येणार याची चौकशी करत होता. आमच्यातले एक गृहस्थ चाकणला बरीच वर्षं क्वालिटीत होते. ते उठून म्हणाले, "असं भावनेच्या भरात नको. आपण एटडी करू." मोटारीच्या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगतो: माल नापास झाला की आठ टप्प्यांचा एक तक्ता भरतात, त्यात दोष कोणता, मूळ कारण काय, उपाय काय आणि तो कुणी कधीपर्यंत करायचा हे लिहावं लागतं. मूळ कारण सापडेपर्यंत पाचदा 'का' विचारायचं, हा त्यांचा दंडक.

"पोचा का पडला?" त्यांनी विचारलं.

"पोरगं चढलं म्हणून."

"पोरगं का चढलं?"

"कुत्रा सुटला म्हणून."

"कुत्रा का सुटला?"

इथं सगळ्यांनी चिन्नूच्या मालकांकडं पाहिलं. ते हसून म्हणाले, "पट्टा चायनाचा होता, सार." सगळ्यांना केवढं हायसं वाटलं! चौथा 'का' विचारायची वेळच आली नाही.

ठरलं असं की स्थानिक संस्थेकडं अर्ज द्यायचा. पण कोणत्या? तमिळनाडूत खेड्याची ऊराट्ची, त्याहून मोठ्या गावाची पेरूराट्ची, मग नगराट्ची आणि सर्वांत वर मानगराट्ची. आमच्या वसाहतीचं गेट एका ऊराट्चीत आणि मागचे ब्लॉक दुसऱ्या ऊराट्चीत. आमच्या ऊराट्चीचं नाव मी लिहीत नाही, कारण नेमकी कुठली हे अजून त्या दोघींचंही ठरायचंय. आम्ही चौघं जण गेटवाल्या ऊराट्चीच्या कार्यालयात गेलो. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी आम्हाला बसवलं, कॉफी मागवली आणि शांतपणे विचारलं, "कुत्रा राहतो कुठल्या ब्लॉकमध्ये?"

"सी ब्लॉक."

"मग तो पलीकडचा. आणि गाडी कुठं उभी होती?"

"बी ब्लॉकसमोर."

"गाडी आमची." त्यांनी वहीत लिहिलं. "पोचा लिहून घेतो. कुत्र्यासाठी तिकडं जा."

त्यांच्यावर हसायला मला जमलं नाही. पाणी, दिवाबत्ती, कचरा, डास आणि घरपट्टी हे सगळं त्या एका टेबलावर. कुत्रा पकडायचा तर जाळं हवं, गाडी हवी, पशुवैद्य हवा, नसबंदीनंतर ठेवायला जागा हवी. त्यांच्याकडं वही होती. ती ते मनापासून वापरत होते.

परतताना महामार्गालगतचं राजीव गांधींचं स्मारक लागलं. 21 मे 1991 रोजी इथं जे घडलं त्यानं हे गाव जगाला माहीत झालं. पण पंचायतींना घटनेत जागा देणारं 64 वं घटनादुरुस्ती विधेयक 1989 साली याच माणसानं आणलं होतं आणि राज्यसभेत ते पडलं, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. पुढं 73 व्या आणि 74 व्या दुरुस्तीनं ते काम 1993 पासून अमलात आलं. गावांसाठी अकराव्या अनुसूचीत 29 विषय, शहरांसाठी बाराव्या अनुसूचीत 18. मी दोन्ही याद्या तपासल्या. गावाच्या यादीत पशुसंवर्धन आहे, पण ते दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालनाच्या जोडीला; चिन्नू दूधही देत नाही, अंडीही नाही. शहराच्या यादीत कोंडवाडे आहेत आणि प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध आहे. माणसापासून कुत्र्याला वाचवायची कलमवार सोय आहे. कुत्र्यापासून माणसाला वाचवायचं काम घटनेनं पार्सलवाल्याच्या पायांवर सोपवलेलं दिसतं.

हा घोळ आजचा म्हणावा तर तसंही नाही. 1832 च्या उन्हाळ्यात मुंबईत सरकारनं भटक्या कुत्र्यांना मारण्यासाठी कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस लावलं. आठ आणे म्हटल्यावर पकडणाऱ्यांना भटका आणि पाळलेला यातला फरक दिसेनासा झाला. घरातले, अंगणातले कुत्रे उचलले जाऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान, अंत्यविधीतही त्याची नजर पडावी लागते. जूनमध्ये कोटात दंगल झाली, बाजार बंद पडले, पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमानही उतरले आणि किल्ल्यातल्या गोऱ्या फौजेची रसद अडली. शेवटी जमशेटजी जीजीभॉयांनी मध्यस्थी केली. कुत्रे मारायचे नाहीत, शहराबाहेर नेऊन सोडायचे, यावर मिटलं. पुढं 1834 मध्ये पांजरापोळ उभा राहिला. म्हणजे कुत्र्याचा प्रश्न हद्दीबाहेर नेऊन सोडायची युक्ती चेन्नईची नव्हे, आपली. जवळजवळ दोनशे वर्षं ती उत्तम चाललेली आहे. हद्दीबाहेर राहणाऱ्यांनी काय करायचं, हा तपशील तेव्हाही राहून गेला होता.

साहेबाच्या स्वतःच्या घरीही फार वेगळं नाही. ब्रिटननं 1991 साली घाईघाईत धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला, चार जातींवर बंदी घातली. तीस वर्षांनी एक्सएल बुली नावाची पाचवी वाढवावी लागली. इटलीनं 2003 साली 92 जातींची यादी केली. ती कमी करत करत 2009 मध्ये रद्दच केली आणि जबाबदारी मालकावर टाकली. आपल्याकडं ती 1860 पासून आहेच. दंडसंहितेचं जुनं कलम 289, आता न्याय संहितेचं 291: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात जात विचारलेली नाही. रॉटवायलर असो, मणी पाळला असो की हत्ती, कलम तेच. देशात 2024 मध्ये कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या फारच थोड्या चावणाऱ्यांनी त्या 23 जणांची यादी पाहिली असेल.

अर्जाचं ठरलं त्या सभेच्या शेवटी कोल्हापूरच्या वहिनी बोलल्या होत्या. तोवर त्या वड्यांची व्यवस्था बघत होत्या. "आमच्या गल्लीत पंधरा-वीस कुत्री होती," त्या म्हणाल्या. "जात एकाचीबी सांगता यायची न्हाई. पण चावणारं कुठलं, ते अख्ख्या गल्लीला पाठ. नवा पाव्हणा आला की पहिलं तेच सांगायचं: डाव्या हाताचं तिसरं घर, तांबडं, कान तुटकं."

मला एकदम सगळा हिशेब लागला. दिल्लीच्या यादीत 23 कुत्रे. चेन्नईच्या यादीत दोन. गल्लीच्या यादीत एक, आणि तो वरच्या कुठल्याच यादीत नाही. कार्यालय जितकं लांब, यादी तितकी लांब. स्थानिक स्वराज्य नावाची जी काही चीज आहे ती म्हणजे हेच तर: तांबडं, कान तुटकं. मग मी उत्साहानं म्हटलं, "वहिनी, पण त्या कुत्र्याचं पुढं काय केलं गल्लीनं?"

"काय करणार?" वहिनी म्हणाल्या. "ते नगरसेवकाचं हुतं."

सभा शांत झाली. दिल्लीला माहीत नसतं म्हणून ती यादी करते. गल्लीला माहीत असतं म्हणून ती गप्प बसते. लांबच्याला कुत्रा ओळखू येत नाही, जवळच्याला मालक फार ओळखू येतो. उद्या पोंगल आहे, परवा नारळ लागणार आहेत. पट्टा, मुसकं, महापालिकेच्या हद्दीत पन्नास रुपयांत मिळतो तसा परवाना, रेबीजची लस आणि सुटला तर दंड, एवढ्या पाच ओळींचा नियम आमच्या दोन्ही ऊराट्ची मिळून एका दुपारी करू शकतील. पण त्याखाली 'मालकाचं नाव' असा रकाना असेल, आणि तो भरणाऱ्याला त्याच मालकाच्या शेजारी बसून पोंगल खायचा असेल.

क्वालिटीवाल्या गृहस्थांनी एटडी मात्र अर्धवट सोडला नाही. आठवड्यानं तो नोटीस बोर्डावर लागला. दोष: टपाला पोचा. मूळ कारण: पट्ट्याचा दर्जा. तात्पुरता उपाय: पार्सल गेटवर ठेवणे. कायमचा उपाय: देशी बनावटीचा पट्टा. त्याच्या शेजारी 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. तो भरल्याशिवाय एटडी बंद होत नाही, पण तो बरेच दिवस कोरा राहिला, कारण भरायला कुणी पेन उचलेना. मग एकदा आम्ही बोर्डापाशी गेलो तर तिथं नीटनेटक्या इंजिनिअरी अक्षरात, तारखेसकट, नाव भरलेलं होतं: चिन्नू. खाली खजिनदार आणि सेक्रेटरी या दोघांच्याही सह्या होत्या, आणि हरकती मागवूनही एकाही सभासदाची आली नव्हती.